साडूंचा ताळा

रत्नागिरी तालुक्यात माझ्या साडूंइतका संशयी माणूस दुसरा नसेल, आणि कोणी असलाच तर चौकशी केल्याशिवाय साडूंनी ते मान्य केलं नसतं. गॅसचा सिलिंडर आला की तो आधी घरच्या काट्यावर चढायचा आणि मग स्वयंपाकघरात जायचा. दूध आलं की साडू काचेची नळी दुधात सोडायचे, आणि ती वर-खाली होऊन थांबेपर्यंत दूधवाला पायरीवर ताटकळायचा. बाजारात कोळणीने सुरमईचा कल्ला उघडून लालभडक आहे असं दाखवलं की हे म्हणायचे, "हा तू निवडलास. आता मी सांगतो तो उघड." माझं लग्न त्यांच्या धाकट्या मेहुणीशी ठरत होतं तेव्हा माझी चौकशी करायला सासऱ्यांनी यांनाच पाठवलं होतं. चौकशीसाठी मी दोन चांगल्या माणसांची नावं दिली होती. साडू त्यांच्याकडे फिरकलेच नाहीत. ते गेले माझ्या न्हाव्याकडे, वाण्याकडे, आणि मी ज्याच्याशी भांडून खोली सोडली होती त्या घरमालकाकडे. घरमालक म्हणाला, "माणूस कटकट्या आहे, पण भाडं वेळेवर द्यायचा." साडूंनी सासऱ्यांना कळवलं, "मुलगा चालेल. वैऱ्याने चांगलं सांगितलंय." माल ज्याच्या हातून येतो त्याच्याच हातून मालाची खात्री घ्यायची नाही, हा त्यांचा कायदा. त्या कायद्याने मी पास झालो, म्हणून माझी त्याच्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

हा स्वभाव थोडा जन्माचा आणि थोडा नोकरीचा. आंब्याचा रस डब्यांत भरणाऱ्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. लाकडी दांडीने डब्याच्या झाकणावर टिचकी मारायची आणि आवाजावरून आतला रस धड आहे की आंबलाय ते सांगायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. १९९९ साली कारखाना बंद पडला. हातात आलेल्या पैशांतून ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घराला रंग काढायचा होता. साडूंनी कॉम्प्युटर आणला. दुकानदाराने त्यात सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर असते ती सिस्टीम घालून दिली होती. आठवड्याभरात साडूंनी ती पुसून टाकली. मला म्हणाले, "भाऊ, हा सीलबंद डबा आहे. ठोकला तर आवाज येत नाही आणि उघडायची परवानगी नाही." मग त्यांना कुठूनसा लिनक्सचा पत्ता लागला. त्यात प्रत्येक प्रोग्राम कसा लिहिलाय ते ज्याला हवं त्याला वाचता येतं, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, "दादा, तुम्ही काय सगळं वाचत बसणार आहात?"

"छे हो. पण कोणी वाचू शकेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे ना? तेवढ्याने माणूस सरळ राहतो."

लिनक्सची सीडी एका मासिकाबरोबर यायची. मासिकवाला ओळखीचा, मासिक नामांकित, सीडीवर छान वेष्टन. म्हणजे साडूंच्या मते संशयाला भरपूर वाव. त्यातून त्यांना कळलं की अशा सीडीचा एक ताळा असतो. मी एका सहकारी संस्थेत हिशेब लिहितो, त्यामुळे मला ही गोष्ट लगेच पटली. सीडीवर जे काही आहे त्या सगळ्याचं गणित करून कॉम्प्युटर बत्तीस आकडे-अक्षरांची एक ओळ काढतो. सीडीत कुठे एक टिंब जरी बदललं तरी ओळ पार बदलते. खरी ओळ इंटरनेटवर लिहिलेली असते. आपली तिच्याशी जुळवायची. ती ओळ मासिकातही छापलेली होती, पण तिच्यावर विश्वास ठेवणं म्हणजे दूधवाल्यालाच दुधाबद्दल विचारणं. साडूंनी मला सायबर कॅफेत पाठवून ती ओळ उतरवून आणायला लावली, आणि मी तरी बरोबर उतरवली असेल कशावरून, म्हणून मुंबईच्या पुतण्याला त्याच्या ऑफिसात ती बघायला सांगून एसटीडी बूथवरून फोन लावला. फोनवर बी, डी, ई सारखेच ऐकू येतात. त्यावर साडूंनी तोड काढली होती. ए म्हणजे आंबा, बी म्हणजे बांगडा, सी चिंच, डी डाळिंब, ई ईडलिंबू आणि एफ फणस. त्या ओळीत याच्यापुढची अक्षरं येत नाहीत. बूथच्या काचेआड साडू मोठमोठ्याने म्हणत होते, "सात. बांगडा. चार, चार. फणस. परत फणस. नऊ. चिंच." बाहेर ओळीत उभ्या असलेल्या एकाने मला हळूच विचारलं, "काकांचा माल कधी उतरणार हो?"

पुतण्याची ओळ आणि माझी ओळ जुळली. सीडीची जुळली नाही. मासिकवाला म्हणाला, "काका, एवढ्या जणांनी नेली, कोणी बोललं नाही." साडू म्हणाले, "कोणी बघितलं नाही." सीडीवर एक बारीक चरा निघाला. मासिकवाल्याने बदलून दिली. खरी ओळ तीच होती, तरी नव्या सीडीसाठी साडू पुन्हा बूथवर गेले.

पुढचं वर्षभर त्यांच्या घरी गेलं की साडू पॅकेजांशी वाद घालताना दिसायचे. लिनक्सवर प्रोग्राम पॅकेजमधून येतो, आणि एक पॅकेज बसवायला गेलं की ते सांगतं, मला अमुक दुसरं लागतं; ते दुसरं तिसऱ्याला घेऊन येतं. जेवायला एकाला बोलवावं आणि त्याने मेव्हण्याला, मेव्हण्याने मित्राला आणावं, तसा प्रकार. बाकीचे लोक मुकाट्याने सगळ्यांना पाट मांडतात. साडू प्रत्येकाला दारात थांबवायचे. "हे साधं घड्याळ आहे भाऊ. ह्याला आवाजाचं पॅकेज कशास हवं?"

"टोल द्यायला असेल."

"टोल मी मागितलेला नाही." आणि मग ते घड्याळ लिहिणाऱ्या परदेशातल्या माणसाला पत्र पाठवायचे. तो बापडा उत्तर द्यायचा. एकदा एकाने चक्क आवाजाचं कलम काढून टाकलं. ताई आतून म्हणाल्या, "इथे घरात तीन वर्षं मिक्सर खडखडतोय, त्याला नाही पत्र लिहीत."

याच सुमारास त्यांनी स्वतःचा एक प्रोग्राम लिहिला, भरती-ओहोटीचा. रत्नागिरीच्या बंदरात भरती किती वाजता, सुकती किती वाजता, पाणी किती चढणार, हे तो पुढच्या कुठल्याही दिवसाचं सांगायचा. छापील तक्त्यावर त्यांचा विश्वास नव्हता हे सांगायला नकोच. जेटीच्या पायऱ्यांजवळ त्यांनी खुणा केलेला बांबू रोवला, आणि उधाणाला आणि भांगाच्या कमी भरतीला पाणी कुठवर आलं ते जाऊन बघत राहिले. आकडेमोड तपासायला मला बसवलं. प्रोग्राम चांगला उतरला होता. मिरकरवाड्याच्या एका मच्छीमार होडीचे वयस्क तांडेल त्यांच्या ओळखीचे होते. ते दर महिन्याला भरतीच्या वेळांचा कागद घेऊन जायचे, आणि दुसरेही मागायला लागले. साडू फ्लॉपीवर प्रोग्राम देऊ लागले.

घात तिथे झाला. एका छपाईवाल्याने त्या फ्लॉपीवरून भरतीचा तक्ता छापला, खाली साडूंचं नाव घातलं आणि बंदरावर वाटला. पुढच्या वर्षी पुन्हा प्रोग्राम चालवायचे कष्ट न घेता त्याने जुन्याच आकड्यांवर नवं साल टाकलं. भरती काय दरवर्षी त्याच तारखेला त्याच वेळी येते? एका पहाटे तांडेलांची होडी त्या तक्त्याच्या भरवशावर खाडीच्या तोंडाशी आली आणि वाळूत रुतून कलंडली. माणसं वाचली, जाळी गेली. तांडेल साडूंच्या अंगणात येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "दादा, कागदावर नाव तुमचं होतं, म्हणून मान वर करून समोर बघितलं नाही मी. एरवी मी पाणी बघून होडी घालतो."

साडूंनी जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवून त्यांना सगळं दाखवलं. तांडेलांना पटलंही. पण त्यानंतर कित्येक दिवस साडू बंदराकडे गेले नाहीत. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसावर बंदरात संशय घेतला जात होता, आणि ज्याला त्याला अंगणात बोलावून दोन तक्ते दाखवता येत नव्हते. मला म्हणाले, "भाऊ, माझ्या आकड्यांना कोणी हात लावला तर तो लागलेला दिसला पाहिजे. नाहीतर हा प्रोग्राम मी पुसून टाकतो."

त्याला उपाय एकच होता. त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्सची पॅकेजं ज्या मोठ्या भांडारातून यायची, त्यात हा प्रोग्राम पॅकेज होऊन गेला पाहिजे. तिथल्या प्रत्येक पॅकेजवर ते सांभाळणाऱ्याची कॉम्प्युटरवरची सही असते, आणि मजकूर बदलला की सही जुळत नाही. पण अशी सही कोणाची चालते? ज्याला भांडार सांभाळणाऱ्या मंडळातल्या कोणीतरी समोरासमोर भेटून, ओळखपत्र बघून, हाच तो माणूस अशी ग्वाही दिली आहे त्याची. देशोदेशींची माणसं, अशी एकमेकांना बघत बघत साखळी झालेली. साडू मनापासून म्हणाले, "शहाणी माणसं आहेत. कोणावर विश्वास ठेवत नाहीत." अडचण एवढीच की रत्नागिरीत साडूंना बघायला त्यांच्यातलं कोणी येणार नव्हतं.

पत्रापत्री करता करता ठाण्याची एक मुलगी सापडली. ती त्या मंडळात होती, आईबरोबर गोव्याला निघाली होती, आणि गाडी रत्नागिरीला पाच मिनिटं थांबते. तेवढ्यात प्लॅटफॉर्मवर काम होईल, असं तिने कळवलं. साडू मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. साक्षीदार कोणी मागितला नव्हता. पिशवीत रेशनकार्ड, गाडीचा परवाना, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि बंद पडलेल्या कारखान्याचा पास. शिवाय कागदाच्या चिठ्ठीवर त्यांच्या सहीची खूण, चाळीस आकडे-अक्षरांची.

गाडी आली. डब्यातून जीन्स घातलेली पंचविशीची मुलगी उतरली आणि थेट आमच्याकडे येऊन म्हणाली, "काका, भरतीवाले तुम्हीच ना?"

"ते तुम्ही ठरवायचं आहे," साडू म्हणाले आणि पिशवी पुढे केली.

तिने परवाना घेतला, फोटो बघितला, साडूंकडे बघितलं, चिठ्ठी घेऊन घडी घातली. "झालं काका."

"एवढ्यात? दाखला बघितला नाहीत."

"परवाना पुरतो."

"बरं. आता तुमचं दाखवा."

ती हसली. "माझं राहू दे, काका. मला पुष्कळ जणांनी बघितलंय."

"मी नाही बघितलेलं."

मी साडूंची बाही ओढली. आपलं काम झालं होतं. गाडीला दोन मिनिटं राहिली होती. पण ते हलेनात. "एकाने बघायचं आणि दुसऱ्याने नाही, हा कसला व्यवहार?" मुलीला ते पटलं असावं, कारण ती पळत डब्यात गेली. पासपोर्ट आईच्या पर्सेत होता आणि पर्स सीटखालच्या बॅगेत. गाडी हलली तेव्हा ती दारात आली, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने पासपोर्ट उघडून धरलेला. साडू मान पुढे काढून गाडीबरोबर चालत सुटले. ती ओरडली, "दिसलं का?" प्लॅटफॉर्म संपला. परत येऊन धापा टाकत म्हणाले, "निळा होता. त्यापलीकडे मी काही सांगू शकत नाही."

आठ-दहा दिवसांत तिने साडूंवर ग्वाहीची सही केली. पुढे मंडळाने बऱ्याच शंका काढल्या, साडूंनी त्याहून जास्त काढल्या, आणि पॅकेज भांडारात गेलं. बंदरावर तांडेलांनी स्वतः सगळ्यांना सांगितलं की आता कागद घ्यायचा तो दादांच्या हातचा नाहीतर त्या भांडारातला. मला वाटलं, सुटलो. तर साडूंनी त्या मुलीला पत्र लिहिलं: तुम्ही मला मिनिटभरसुद्धा बघितलं नाहीत, परवाना खोटा असू शकतो, तरी सही मागे घेण्याचा विचार करावा. मी कपाळाला हात लावला. "दादा, सही गेली तर पॅकेज जाईल. पुन्हा तेच सगळं."

"जाईल तर जाईल. मी लबाड असतो तर तिचं नाव माझ्यापायी खराब झालं असतं. नाव खराब होणं म्हणजे काय ते मला माहीत आहे."

चार दिवस त्यांना जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी तिचं उत्तर आलं. "काका, परवाना खोटा असेल तर असो. लबाड माणूस असं पत्र लिहीत नाही. सही राहू दे." साडूंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पोरगी भोळी आहे." पण त्या दिवशी भात दोनदा घेतला. तिच्यावर मात्र त्यांनी सही केली नाही. ती दर दिवाळीला विचारायची, काका, माझी सही? हे दर दिवाळीला कळवायचे, पासपोर्ट बघितला की.

पाच-सहा वर्षं गेली. साखरेने साडूंच्या डोळ्यांवर हात टाकला. ऑपरेशन झालं, पण पडद्यावरची अक्षरं परत आली नाहीत. पॅकेजकडे कोणीतरी बघायला हवं होतं. मुलगी आनंदाने तयार झाली. नियमाने ते तिला तसंच देता आलं असतं. तिच्यावर बाकी सगळ्यांचा विश्वास होताच. साडूंना ते मंजूर नव्हतं. मी ग्वाही दिलेली नाही अशा माणसाच्या हातात होड्या कशा देऊ, म्हणाले. तिने यायची तयारी दाखवली, पण तिला तान्हं मूल होतं. आणि साडू म्हणाले, "आली तरी मी काय बघणार?"

त्या मे महिन्यात मला लग्नासाठी ठाण्याला जायचं होतं. साडूंनी मला बजावून पाठवलं, फोटो चेहऱ्याशी ताडायचा, आणि सहीची खूण तिच्या कॉम्प्युटरवरून वाचून घ्यायची, कागदावरची नाही. मी तिच्या घरी गेलो. तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि पासपोर्ट समोर ठेवला. मी फोटो बघितला, तिला बघितलं, चाळीसही अक्षरं लावून बघितली, पोहे खाल्ले.

परत आल्यावर दुपारी साडूंकडे गेलो. किती वेळ बघितलं, उजेड कुठून होता, सगळं विचारतील म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. ते म्हणाले, "मशीन लावा आणि मी सांगतो ते लिहा." मी लिहिलं. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला की या व्यक्तीची ओळख तुम्ही नीट तपासली आहे का.

मी म्हटलं, "दादा, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं."

"तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग झालं. दाबा."

मी वळून बघितलं. साडू खिडकीकडे तोंड करून बसले होते. बाहेर काही दिसत नव्हतं त्यांना, पण उजेड कळायचा. मी बटण दाबलं. संध्याकाळच्या आत तिला तिची सही पोचली, आणि भरतीचं पॅकेजही तिच्याकडे गेलं.