नाडी बांधून पाच किलोमीटर

माझ्या नवऱ्याला दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, हळूहळू सगळं मिटत गेलं. त्याआधी दहा-बारा वर्षं ते शिरपूर ते मालेगाव काळीपिवळी चालवायचे. एका संध्याकाळी त्यांनी गाडी कडेला घेतली, बसलेल्या माणसांना मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत बसवून दिलं आणि मला फोन केला. "मले बाजूचं दिसून नाही राह्यलं. आता गाडी नाई चालवत." अपघात झाला नव्हता, कुणी तक्रारही केली नव्हती. पुढे त्यांनी गाडी विकली आणि घरासमोरच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली. पीठ चिमटीत चोळून ते जाडं पडलं की बारीक, हे अचूक सांगतात. मी शाळेत शिकवते, पण नवं काही शिकण्याची इतकी उमेद माझ्यात नाही, हे मला ठाऊक आहे.

मागच्या हिवाळ्यात गावातल्या पोरांनी पाच किलोमीटरची दौड ठेवली. ऑटोवर भोंगा लावून गल्लीगल्लीत सांगत फिरत होते. हे गिरणीतून हात झटकत बाहेर आले.

"तू पयशील माह्यासंगं?"

"अवो, मी कायले? मले तर जिना चढला की दम लागते."

"लय वर्षं झाले," ते म्हणाले, "मी जोरात कुठं गेलोच नाई."

डोळे गेल्यापासून त्यांचं प्रत्येक पाऊल चाचपत पडत होतं, आणि मला ते सवयीचं झालं होतं. त्यांना झालं नव्हतं. मी हो म्हटलं.

पहाटे शाळेच्या मैदानावर सराव सुरू झाला. हातात हात धरून पळता येईना, कोपरं आपटायची. मग मी शिवणाच्या डब्यातून परकराची कोरी नाडी काढली, वीतभर तुकडा कापला, दोन्ही टोकांना गाठ मारून फासे केले. एक त्यांच्या मनगटात, एक माझ्या. खड्डा आला की मी हात ओढायचा आणि तोंडानं सांगायचं. फिरायला येणारे एक काका रोज हसायचे, "मास्तरीणबाई, नवरा पळून जाईल म्हून बांधला का?" आठवडाभर यांच्या पावलाशी माझं पाऊल जुळेना. हे चिडले नाहीत. "माह्याकडं नको पाहू," एवढंच म्हणायचे, "समोर पाह्य." दिसत नसूनही त्यांना कसं कळायचं कोण जाणे.

नाव नोंदवायला गेलो तेव्हा टेबलावरच्या मुलाने यांना नंबर दिला आणि माझ्या नावापुढे 'मदतनीस' लिहिलं. "तिलेही नंबर दे," हे म्हणाले. "ती काय उभी राहून पाहून राह्यली का?" मुलाने दुसरा नंबर काढला.

दौडीच्या दिवशी बसस्टँडवर एवढी गर्दी की मला धडकी भरली. ढोल वाजत होता. गर्दीत माझा आवाज पोहोचेना, म्हणून पहिला फर्लांगभर आम्ही अगदी कडेने गेलो. मालेगाव रोडला लागल्यावर मोकळं झालं. "डावीकडं खड्डा. आता सरळ. समोर सायकल." दोन्ही बाजूंना तूर उभी होती. यांचा श्वास एका लयीत चालला होता आणि चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी गाडी विकल्यापासून पाहिलं नव्हतं.

अडीच किलोमीटरवर वळसा घेतला आणि माझ्या कुशीत कळ उठली. बोलावं तर श्वास पुरेना. मी गप्प झाले, तसं यांनी वेग कमी केला.

"बोलू नको. तू निसता दम खाय. रस्ता मले माईत हाये."

मग तेच सांगू लागले. "आता चढ लागते. इथं गेअर टाकावा लागे. पुढं पूल हाये लहान, मंग सपाट." खरंच चढ आला, पूल आला. इतक्या वर्षांनी तो रस्ता त्यांच्या पायांत जसाच्या तसा होता. मी पदर खोचला आणि त्यांच्या आवाजावर पळत राहिले.

गावाजवळ आल्यावर मी यांच्याकडे बघत होते, समोर नाही. तेवढ्यात त्यांचा पाय अडखळला आणि ते पालथे पडले. नाडीने मलाही गुडघ्यावर आणलं. रस्त्यावर ब्रेकर होता. त्यांच्या गाडीच्या काळात तो नव्हता, आणि जाताना अगदी कडेने गेल्यामुळे तो पायाखाली आला नव्हता. बघायचं काम माझं होतं. त्यांचा गुडघा फुटलेला, तळहात सोलवटलेले. मला रडू कोसळलं.

"हा कवा टाकला?" त्यांनी हाताने ब्रेकर चाचपून विचारलं आणि हसले. "तुले लागलं का?"

एक मोटारसायकलवाला थांबला, मागे बसा म्हणाला. दुसऱ्याने त्यांचा दंड धरला. यांनी तो हात हळूच सोडवला. "बायको हाये ना संगं," म्हणाले, आणि मनगट माझ्यापुढे केलं. नाडी सुटली होती. मी ती पुन्हा घातली.

आम्ही शेवटची रेषा ओलांडल्यानंतर शाळेच्या तीन मुली आणि एक आजोबा आले, एवढं मला आठवतं. स्टेजवर यांचा विशेष सत्कार करायचा ठरलं होतं, शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं. यांनी माइक नाकारला. "सगळ्याले जे देता तेच द्या," म्हणाले. दोघांच्या गळ्यात सारखंच पदक पडलं.

घरी आल्यावर मी त्यांच्या गुडघ्याला हळद लावली आणि जी आडवी झाले, ती दुपारी जाग आली. गिरणी चालू होती. कुणीतरी दळण घेऊन आलं होतं आणि गुडघ्याचं विचारत होतं.

"पडलो," हे सांगत होते. "पण ती थांबली नाई. कुशीत कळ घेऊन पुरे पाच किलोमीटर पयली, अन् मले म्हणे, जिना चढला की दम लागते." मग पुढे म्हणाले, "तुहं दळण जाडं पाह्यजे का बारीक?"