मेंढरांमागचं कुत्रं

लकवा मारल्यावर थोरल्या भावाला मी पाथरीला माझ्या घरी आणलं. त्याची मेंढरं चुलतभावानं आपल्या कळपात घेतली. कुत्रं मात्र कळपासोबत थांबेना. जीपमागं धावतच राहिलं. शेवटी त्यालाही आत घेतलं.

चार वर्षांच्या त्या कुत्र्याच्या गळ्यात कधी दोरी पडली नव्हती. आमचं घर एसटीच्या रस्त्याला लागून, त्यामुळं मोकळं सोडायची सोय नव्हती. मी पट्टा आणला. पहिल्याच सकाळी त्यानं असं ओढलं की मी नालीकडेला पडले, गुडघा फुटला. रागानं मी पट्ट्याला हिसका दिला.

दादा दारात खुर्चीवर बसला होता. जड जिभेनं म्हणाला, "बाई, हिसका देऊ नको. त्यानं ओढलं की उभी राय. दोरी ढिली झाली की मग चाल."

तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण असं नुसतं उभं राहणं मला कधी जमलं नव्हतं. आठ दिवस आम्ही गल्लीच्या टोकालाही पोचलो नाही. चार पावलं चालायचं, थांबायचं. त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं की भाकरीचा तुकडा द्यायचा. गिरणीवर आलेल्या बाया हसायच्या. महिन्याभरानं ते माझ्या गुडघ्याशी चालायला लागलं. मग मी पट्टा दादाच्या चांगल्या हातात दिला आणि दुसऱ्या बाजूनं त्याला धरलं. त्याचा एक पाय फरफटत होता. कुत्रं त्या पायाच्या चालीनं चाललं.

दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही असंच फिरायला निघालो होतो, तेव्हा चुलतभावाचा कळप रस्त्यानं आला. दादाचीच मेंढरं होती त्यात. कुत्रं जागच्या जागी थरथरायला लागलं, कान ताठ, तोंडातून बारीक आवाज. पण त्यानं दोरी ओढली नाही. उभं राहिलं आणि वळून माझ्याकडं पाहिलं.

माझा हात सवयीनं भाकरीकडं गेला आणि तिथंच थांबला.

"सोड त्याला," दादा म्हणाला.

"अरे दादा, इतक्या मुश्किलीनं शिकवलं. आणि तू कोणासोबत फिरशील?"

"लय गुणी झालंय. म्हणूनच बघवंना मला. सोड."

मी पट्टा काढला. तरी ते हलेना. दादानं ओठ मुडपून शीळ घालायचा प्रयत्न केला. तोंड वाकडं झालेलं, नुसती हवाच आली. कुत्र्याला तेवढंही पुरलं. ते कळपात शिरलं आणि एका भरकटलेल्या मेंढीला वळवून आणलं.

कळप दिसेनासा होईतो दादा उभा होता. मग म्हणाला, "चल, ऊन चढायलंय."

घरी येईपर्यंत तो तीनदा थांबला. प्रत्येक वेळी मीही उभी राहिले.