टेबर फोर्कचं एक उलटं मत

तुमच्या गावात सगळी मतं एका बाजूला आणि एकच उलटं पडलं, तर सकाळी उठून तुम्ही कुणाच्या दाराकडे बघाल? खरं सांगा. नाव आलं ना तोंडात? आमच्याही आलं होतं. व्हर्ना स्कोपेक.

व्हर्ना म्हणजे नेब्रास्कातल्या आमच्या टेबर फोर्कात शाळेची बस चालवणारी बाई. शाळा बंद पडली, बस तिनं भंगाराच्या भावात उचलली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात नेऊ-आणू लागली. आयुष्यभर तिनं रिपब्लिकनांना मत दिलं. आईनं दिलं, आजीनं दिलं, हिनंही दिलं. आमच्याकडे पक्ष कुणी निवडत नाही, तो आडनावासारखा जन्मापासून चिकटलेला असतो.

मग काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कचेरीचा, निरोप आला. मतदान केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं बसलीच पाहिजेत, असा नियम. आमच्याकडे मतदारयादीत नावापुढे पक्षही लिहितात; त्यात डेमोक्रॅट म्हणून नोंदलेला एकुलता एक इसम म्हणजे जुना पोस्टमास्तर, आणि तो नुकताच वारला होता. दुसरा मिळाला नाही तर केंद्र बंद, मत द्यायला चाळीस मैल लांब. ज्यांना घराच्या दोन पायऱ्या उतरवत नाहीत, ते कसले जातात चाळीस मैल?

आगीच्या बंबाच्या गॅरेजात बैठक बसली. धान्याच्या कोठाराचा मॅनेजर रोलंड बार्टोश म्हणाला, "कुणीतरी नावापुरतं तिकडं जा की! त्यात काय एवढं?"

"मग तूच जा," मागून आवाज आला.

"मी? माझा बाप थडग्यातून उठून हाणेल मला!"

सगळे खो-खो हसले. हसू ओसरल्यावर व्हर्ना म्हणाली, "माझा बाप गरीब स्वभावाचा होता. लिहा माझं नाव."

टाळ्या पडल्या. पहिली टाळी रोलंडची, हे ध्यानात ठेवा. गाव विसरलं.

नोव्हेंबरात मतदान झालं. बंब बाहेर उभा केला, आत टेबलं मांडली. हात वर करून व्हर्नानं शपथ घेतली: ज्याचं मत त्याच्यापाशीच राहील. खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, तिनं दरवेळेसारखेच भाजून आणले होते, दुपारपर्यंत परात साफ. जवळजवळ सगळं गाव मत देऊन गेलं. मोठ्या शहरांच्या बापजन्मात जमत नाही ते! संध्याकाळी रिवाजाप्रमाणे निकालाचा कागद दाराला चिकटवला. डेमोक्रॅटच्या नावापुढे आकडा होता एक.

सकाळी दुकानात कॉफी पिता पिता रोलंड म्हणाला, "नावापुरतं म्हणे! टोपी बदलली ती बदलली, बाईनं डोकंही बदललं!"

व्हर्ना दारातच उभी होती. बाकीच्यांनी कपात तोंडं घातली. रोलंड मात्र वळला. "काय गं, तुझंच ना ते?"

ते तिचं नव्हतं. तिनं नेहमीच्याच नावापुढे खूण केली होती. 'माझं नाही' एवढे दोन शब्द, की सुटली असती. शब्द जिभेवर आले, आणि तिनं गिळले. तिचं नाही म्हटलं, की मग कुणाचं? ही टोळी लगेच पुढच्या दाराशी गेली असती.

"मत कुणाचं ते विचारत नसतात, रोलंड. शपथ घेतलीय मी."

"ऐकलंत? म्हणजे हिचंच!"

त्या दिवसापासून गाव फिरलं. गाढव त्या पक्षाचं चिन्ह. कुणीतरी तिच्या टपालपेटीवर गाढव रंगवलं. तिनं खरवडलं, परत रंगवलं. बसमध्ये कुणी चढेना. चर्चमधल्या तिच्या बाकावर ती एकटीच. कोलाच्यांची परात जशी नेली तशी परत. जानेवारीत अंगणातल्या बर्फावरून पाय घसरला, मनगट मोडलं. तिनं हाक मारली. समोरच्या घराचा पडदा हलला, आणि पुन्हा सरळ झाला. एका हातानं बस चालवत ती स्वतःच दवाखान्यात गेली. आणि ज्याचं ते मत होतं, त्या माणसालाही हे सगळं दिसत होतंच की. तोंड उघडलं नाही.

पुढच्या निवडणुकीला ती टेबलाशी बसली तेव्हा केंद्र ओस पडलं होतं. काहींना तिच्या हातून मतपत्रिका नको होती. बाकीच्यांना वेगळीच भीती. पुन्हा एक उलटं निघालं आणि बोट आपल्याकडे वळलं तर? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. काउंटीनं म्हटलं, मतदारच येत नाहीत, कशाला खर्च? केंद्राला कुलूप लागलं. ज्यासाठी बाईनं आपलं नाव दिलं, तेच गेलं.

तरी ही हटेना! त्यानंतरच्या मतदानाला तिनं बस धुतली, दुकानावर पाटी लावली: 'मतदानाला फुकट नेईन.' गॅरेजपुढे बराच वेळ इंजिन चालू ठेवून थांबली. काळं कुत्रं आलं नाही. रिकामी बस घेऊन निघाली, तर गावाबाहेर पुलापाशी एक माणूस उभा. चढला, मागं बसला. चाळीस मैलांवर जाऊन मत दिलं. येताना तो माणूस उठून पुढं आला.

"व्हर्ना, त्या वेळचं ते मत..."

व्हर्नानं हॉर्न दाबला, तो दाबूनच धरला. समोर रस्ता मोकळा.

"हरीण होतं," ती म्हणाली. "मागं जाऊन बस. गाडी चालू असताना उभं राहायचं नाही, शाळेतल्या पोरांनाही हेच सांगायचे मी."

मागून हुंदके ऐकू आले. तिनं आरशात पाहिलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत व्हर्ना गेली. शेवटच्या आजारात दवाखान्यात तिनं मला हे सांगितलं, माणसाचं नाव तेवढं गाळून. पुरायला सगळं गाव लोटलं. जिच्या हातचा कोलाचा चालत नव्हता, तिच्या नावानं जेवले सगळे. रोलंडनं शवपेटीला खांदा दिला आणि म्हणाला, "बाई लाख होती. एकदाच काय ती चुकली."

माझी मूठ वळली होती. पण बोललो असतो, तर तिनं गिळलेले दोन शब्द मीच थुंकले असते. पुलापाशी बसमध्ये चढलेला माणूसही त्याच गर्दीत कुठंतरी असणार, बशी हातात घेऊन.

मी कुणाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं नाही. तुम्हीही कधी आमच्या गावात आलात, तर पुलापाशी कोण उभं होतं, ते विचारू नका.