आईबरोबर मस्कतच्या विमानाला

मस्कतला धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते आणि आईला तिच्या बाळंतपणाला पोचवायचं काम माझ्यावर आलं. आईनं आमच्या जोयडा तालुक्याच्या बाहेर फार तर बेळगाव पाहिलेलं. बंगळूरच्या विमानतळावर आम्ही सकाळी पोचलो. रात्रभरच्या बसनं माझं डोकं जड झालं होतं, त्यामुळे सगळं अर्धवट झोपेत दिसावं तसं दिसत होतं. उंच काचांतून कोवळं ऊन आत आलेलं. फरशी इतकी नितळ, की माणसं आपापल्या प्रतिबिंबावर पाय ठेवत चालली होती. एवढी गर्दी, पण गलका नाही. नुसती बॅगांच्या चाकांची घरघर, कुठून तरी लांबून आल्यासारखी.

काउंटरवर आमची बॅग दोन किलोनं जास्त भरली. आत डिंक, अळीव, कोकमं आणि आमच्या रानातले कंद होते. तिथल्या मुलीनं काहीतरी कमी करा म्हणून सांगितलं. मी कंदांना हात घातला, तर आईनं तो बाजूला सारला आणि स्वतःच्या चार साड्या काढून माझ्या खांद्यावरच्या पिशवीत कोंबल्या.

पासपोर्ट बघणाऱ्या साहेबानं तिला कन्नडमध्ये विचारलं, कशाला जाताय. आईनं त्याला सगळं सांगितलं: मुलीचं पहिलं बाळंतपण, तिला सासू नाही, जावई दिवसभर कामावर. शिक्का हातात धरून तो ऐकत राहिला. मग शिक्का मारून कन्नडमध्येच म्हणाला, "जाऊन या, अम्मा."

तपासणीतून आत गेल्यावर मी आईला गेटसमोरच्या खुर्चीवर बसवलं. तेवढ्यात फलकावर आमच्या गेटचा आकडा बदलला. मी चौकशी करून परत आले, तर खुर्ची रिकामी.

मी दुकानांमधून, अत्तराच्या वासातून, झोपलेल्या माणसांच्या रांगांमधून फिरले. काचेपलीकडे विमानं आवाज न करता सरकत होती. शेवटी मदतीच्या टेबलापाशी गेले. त्यांनी साडीचा रंग विचारला आणि मला तो आठवेना. रात्रभर मी तिच्या शेजारी बसून आले होते. "हिरवी असेल," मी म्हटलं, आणि मलाच लाज वाटली. मग छतातून तिचं पूर्ण नाव हळुवार आवाजात पुकारलं गेलं. त्या नावानं तिला कुणी हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

ती सापडली माणसांना उभ्या उभ्या पुढं नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या सुरुवातीला. इरकली नेसलेली एक म्हातारी बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि आई तिचा हात धरून शेजारी. बाईचा मुलगा सामान घेऊन पट्ट्यावरून पुढं निघून गेला होता. तिला पाऊल टाकायचा धीर झाला नव्हता. आईनं ते खुर्चीवरून पाहिलं होतं.

"किती शोधलं तुला," मी म्हटलं.

"हितंच तर हाय मी. ही अक्का भ्यालीया. एकटी कशी टाकू?"

गेट बदललंय, उशीर होईल, असं मी सांगितलं.

"मग तू जा म्होरं. हिचा ल्योक आला की मी येते."

तिला एकटीला येता येणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक असावं. मी खाली बसले. आम्ही तिघी तशाच बसून राहिलो आणि माणसं पाय न हलवता आमच्यासमोरून वाहत गेली. किती वेळ, कोण जाणे. मग मुलगा घामाघूम होऊन धावत आला. म्हातारीनं आईच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि मुलाचा दंड धरून पट्ट्याच्या कडेकडेनं निघून गेली.

विमानात चढणारे शेवटचे आम्हीच होतो. खुर्चीचा पट्टा बांधून झाल्यावर आई खिडकीकडे बघत म्हणाली, "ल्हान असताना उळवीच्या जत्रेत मी चुकले हुते. एक कानडी बाई बा येईस्तवर माझ्यापाशी बसली. तिचं बोलणं मला कळत न्हवतं तवा. पर बसली."

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. कोण होती ती, मी विचारलं.

"कुनाला म्हाईत," ती म्हणाली, आणि विमान जमिनीवरून सुटायच्या आधीच झोपली. मस्कतला नवव्या दिवशी बहिणीला मुलगी झाली.