फुटक्या फ्रेमचा आवाज

दादासाहेबांनी हलगी माझ्या गळ्यात अडकवली तेव्हा माझ्या पाठीवर रेसचा नंबर टाचलेला होता.

साताऱ्याला, यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी. सकाळचे सहा वाजून गेले होते. शंभरेक सायकली ओळीने उभ्या. मी आदल्या दिवशी तासगावहून बेदाण्याच्या टेम्पोत सायकल टाकून आलो होतो. बाकीच्यांसारखी फी भरली होती. बाकीच्यांसारखाच ओळीत उभा होतो. उद्घाटनाला हलगीवाले दोन ठरवले होते, आला एकच. दुसऱ्याची हलगी तेवढी त्याने बरोबर आणली होती.

दादासाहेब म्हणजे ही रेस भरवणाऱ्या आमच्या सांगलीच्या सायकल क्लबचे अध्यक्ष. नदीकाठचा ऊस, पेट्रोल पंप, आणि हौसेच्या तीन सायकली. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली. शंभर माणसांत ती माझ्यावरच थांबली.

"आरं, तू हाईस की! धर ही. पावणं आल्यात."

"दादासाहेब, मी रेसमध्ये हाय."

"दोन मिन्टं रं. तुमच्यात तर जन्मताच येतंय की."

लोक हसले. वाईट हेतूने नाही, गंमत म्हणून हसले. तेच जास्त लागलं. जात कुणी विचारली नव्हती. फॉर्मवरचं आडनाव पुरलं होतं.

आता खरी किळस सांगतो. ती त्यांची नाही, माझी आहे. मी नाही म्हणालो नाही. सवयीने हलगीवर बोट मारलं. दवाने चामडं उतरलं होतं, आवाज बसका येत होता. आणि माझ्याच तोंडून निघालं, "जरा शेकाय पायजे." कुणी सांगितलं होतं मला? मीच रद्दी मागितली, पेटवली, हलगी धरून शेकली. ताणून टणटणीत केली. परत गळ्यात घातली आणि वाजवायला लागलो. चांगली वाजवली. पाहुण्यांच्या गळ्यात हार पडला, पाहुण्यांनी झेंडा दाखवला, सायकली सुटल्या. माझ्या दोन्ही बाजूंनी सुटल्या. मी वाजवत उभा होतो.

शेजारचा हलगीवाला म्हातारा होता. तोच ओरडला, "तुझा लंबर हाय न्हवं पाठीवर? पळ की गड्या!"

पळालो. माझी लोखंडी, जड सायकल घेऊन सगळ्यांच्या मागून तो घाट चढलो. साठ-सत्तर जण मागे टाकले. वर पोचल्यावर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. "वाजवतोस मात्र झकास," असं चौघांनी सांगितलं. एकाने व्हिडिओ दाखवला. त्यात मी मान हलवत वाजवत होतो. मी मोबाइल उलटा करून त्याच्या हातात दिला.

मी वायरमन आहे. दिवसभर खांबावर चढतो, पहाटे सायकल चालवतो. त्या वर्षी मी कार्बनच्या हलक्या फ्रेमची सायकल घ्यायची ठरवली होती. एक लाख तीस हजार. त्याच्या वर एक रुपया नव्हता, आणि तेवढे जमवायला तीन वर्षं गेली होती.

सांगलीतल्या दुकानात एवढ्या पैशांत नवी कार्बन एकच बसत होती. साधे गिअर, साधे ब्रेक, चाकं जडच. रंगही मला आवडला नव्हता. दुकानदार जैन माणूस, सरळ बोलणारा. म्हणाला, "आवं, फ्रेम चांगली घ्या. गिअर, चाकं मागनं बदलता येत्यात. फ्रेम काय बदलत न्हाई कोण." मी जुन्या सायकलीचं विचारलं. त्याने खिशातून नाणं काढलं आणि समोरच्या सायकलीच्या नळीवर वरपासून खालपर्यंत वाजवत नेलं. टण, टण, टण. "असा एकसारखा आवाज आला तर घ्या. मधीच बसका आला, तर आतनं फुटलीय. वरनं दिसत न्हाई. उतारावर कवा मोडंल सांगता येत न्हाई."

मी विचार करायला आठवडा मागितला. तेवढ्यात दादासाहेबांचा फोन आला. त्यांच्यापर्यंत बातमी गेलीच होती.

"दुकानात कशाला पैसं घालतोस? माझी काळी घे. चार लाखाची हाय. तुला ऐंशी हजारात देतो. मातर एक. आपल्या प्रत्येक रेसला हलगी तुझी. क्लबची वळख हुईल ती."

खोटं कशाला बोलू? माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ती काळी सायकल मी कितीदा चोरून न्याहाळली होती. बटण दाबलं की गिअर पडायचे तिचे. वर पन्नास हजार हातात राहणार होते. आटपाडीकडे गावी आबांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. आबांची उभी हयात हलगी वाजवण्यात गेली. ते म्हणाले, "मोठ्या मानसाचा सबूद मोडू नगं. वाजवायचं काय, हात झडत्यात व्हय?" घाटातलं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सांगायची लाज वाटली होती.

रविवारी बंगल्यावर गेलो. गाड्यांच्या शेडमध्ये सायकल उभी होती, धुऊन पुसून. मी नाणं काढलं. दादासाहेब मोबाइल बघत होते.

वरची नळी. टण, टण, टण. खालची नळी. टण, टण. आणि खाली, पायडलचा आस बसतो त्याच्या वर चार बोटं, थप.

परत मारलं. थप. आवाज माझ्या ओळखीचा होता. उतरलेल्या हलगीचा. खाली वाकून बघितलं तर तेवढ्याच वीतभर जागेवर रंग नवा होता. बाकी सायकलीवर बारीक ओरखडे, तिथे एकही नाही.

तिथेच मला आंबलेल्या कढीचा वास आला. आबांनी सांगितलेली गोष्ट आहे. लग्नात दोन दिवस हलगी वाजवली की तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी बोलावणं यायचं. उरलेलं न्यायला. कढी आंबलेली असायची, भाताला तार आलेली असायची. माझी आजी नाकाला पदर न लावता ते पातेल्यात घ्यायची, कारण देणारी समोर उभी राहून बघत असायची. नासलंय हे देणारीलाही माहीत असायचं. तरी घेणाऱ्याने हसायचं.

मी हसलो नाही.

"दादासाहेब, ही हितं फुटलीय."

"कोण म्हनतं? दिसतंय का कुठं?"

"दिसत न्हाई. आवाज येतोय."

"आवाजावनं तुला काय कळतंय रं?"

"तुमीच म्हनला की. आमच्यात जन्मताच येतंय."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. वाटलं, आता म्हणतील, माहीत नव्हतं. तेवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं मला. ते म्हणाले, "गेल्या साली पडलो होतो जरा. चालतीय की. तू काय लय मोठ्या रेसा मारनार हाईस व्हय? तुला काय कमी पडतंय हिच्यात?"

म्हणजे माहीत होतं. घाटाच्या उतारावर ती फ्रेम मोडली असती तर मी दरीत गेलो असतो, हे माहीत होतं. रंग लावून घेतला होता. माझ्या मरणावर रंग मारून वर ऐंशी हजार आणि जन्माची हलगी मागत होते. आणि ह्याला ते उपकार समजत होते. मला किळस आली. त्यांच्या धुतलेल्या शेडची, त्या सायकलीची, तिच्यासाठी माझ्या तोंडाला सुटलेल्या पाण्याची.

"नको मला," एवढंच म्हणालो आणि बाहेर पडलो. फाटकाबाहेरून आबांना फोन केला. घाटापासून सगळं सांगितलं. आबांनी एकच विचारलं, "आवाज कसा व्हता?"

"उतरल्याली हलगी असती तसा."

"मग हात लावू नगं," आबा म्हणाले. "आनि तितं वाजवायची पन न्हाई."

त्याच दिवशी दुकानात जाऊन नवी घेतली. न आवडणाऱ्या रंगाची, जड चाकांची. घरी येऊन क्लबच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या. काळी सायकल फुटलेली आहे, कुठे फुटलेली आहे, नाणं कसं मारून बघायचं. दहा मिनिटांत मला ग्रुपवरून काढलं. पण तेवढ्यात ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं.

हलगी मी सोडलेली नाही. गावी आमच्या दारात आबांबरोबर वाजवतो, मन लागलं तर वाजवतो. ज्या कानाने माझा जीव वाचला तो तिनेच दिलाय.

यंदाच्या घाटाच्या रेसची फी भरली आहे. नंबर आला आहे. मी पुढच्या ओळीत उभा राहणार आहे. हलगी घेऊन कुणाचा हात माझ्या गळ्याकडे आला, तर तो हात मी सगळ्यांसमोर धरणार आहे, आणि हलगी त्याच्याच गळ्यात घालून झेंड्याची वाट बघणार आहे.