एनेलेसी आणि जावयाची लापशी

डोवाच्या डोंगराळ मुलखात एनेलेसीच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. पण जावयासमोर ती मुकी व्हायची. सासूनं जावयाला तोंड दाखवायचं नाही, ही रीत. तिकडं नवराच बायकोच्या गावी नांदायला येतो, म्हणून जावई राहायचा तिच्याच अंगणापलीकडे. तरी आठ वर्षांत दोघांनी एकमेकांचा चेहरा धड पाहिला नव्हता.

हा जावई, जाफेती, सायकलवर सवाऱ्या न्यायचा. त्या वर्षी तो खोकून खोकून एवढा वाळला की रिकामी सायकलसुद्धा चढावर ढकलवेना. दवाखान्यात दोन दुखणी निघाली, क्षय आणि एचआयव्ही. बायको लोफिना आणि दोघी मुलींच्या तपासण्या झाल्या. त्या तिघी दोन्हींतून सुटल्या होत्या. सिस्टरनं त्याला गोळ्या सुरू केल्या आणि मका-सोयाबीनच्या सकस पिठाची पिशवी दिली.

"हे पीठ फक्त यांचं," ती म्हणाली. "गोळ्या कडक आहेत. पोटात अन्न नसेल तर सोसायच्या नाहीत."

लोफिना दिवसभर शेतावर, म्हणून लापशी शिजवणं एनेलेसीकडे आलं. ती वाटी दोन अंगणांमधल्या बुटक्या कुडापाशी ठेवायची आणि पाठ करून बसायची.

"जावईबापू, झालं का?"

"झालं, सासूबाई."

"सगळं?"

"वाटी चाटून पुसून साफ."

महिन्यानं काट्यावर वजन अर्धा किलो कमीच भरलं. एनेलेसी सिस्टरवरच उखडली, "तुमच्या पिठातच दम नाही!"

दुसऱ्या दिवशी पाठमोरी बसली असताना तिला मागून चमच्यांचे आवाज आले. एक नाही, तीन. मागे वळायची तर सोय नाही. तिनं पातेल्याचं घासून लख्ख केलेलं झाकण डोळ्यांसमोर धरलं. झाकणात दोन छोटी डोकी वाटीवर वाकलेली दिसली. जाफेती नुसताच चमचा वाजवत होता.

संध्याकाळी तिनं घराण्यातल्या वडीलधाऱ्या भावाला, लुकासीला, साक्षीला बोलावलं. जावयानं सासूला कोंबडी दिली की आडपडदा उठतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जाफेतीकडे कोंबडी कुठली? एनेलेसीनं आपलीच तांबडी कोंबडी पकडली आणि कुडावरून त्याच्या हातात कोंबली.

"घ्या, तुमची झाली. आता द्या मला."

"अगं, अशी कुठं रीत असते?" लुकासी कपाळावर हात मारून म्हणाला.

"जावयाच्या हातून आली ना? मग झालं तर!"

कोंबडी काखेत मारून ती कूड ओलांडून गेली. त्याचे खोल गेलेले डोळे, वर आलेली गालफडं आता तिला समोरून दिसली. "अरे देवा, जावईबापू, एवढेच उरलात होय?"

जाफेतीनं मान खाली घातली. "पोरी बघत बसतात, सासूबाई. त्यांच्यापुढं घास उतरत नाही."

"पोरींचं मी बघते. तुम्ही तुमची वाटी बघा."

तेव्हापासून ती पोरींसाठी घरच्या शेंगदाण्याचं कूट घालून वेगळी लापशी शिजवू लागली आणि स्वतः जाफेतीसमोर ठाण मांडून बसू लागली. शेजारणींनी टोमणे मारले, "काय गं, घास भरवतेस की काय जावयाला?"

"भरवीन की! तुला हवा का एक?"

सहा महिन्यांनी क्षय गेला. वजन अकरा किलोंनी वाढलं. दुसऱ्या दुखण्याच्या गोळ्या जन्माच्या सोबती. त्या तो रोज न चुकता घेतो, आणि सायकल पुन्हा चढ चढते.

सिस्टरनं मग एनेलेसीलाच गळ घातली. पीठवाटपाच्या दिवशी ती आता दवाखान्याच्या आंब्याखाली चूल मांडून नव्या रुग्णांना लापशी शिजवून दाखवते. परवा एका बाईनं आपल्या हडकलेल्या भावाला आणलं होतं.

"मावशी, मला भूकच नाही," तो पुटपुटला.

"भुकेला कोण विचारतंय? वाटी धर."

त्यानं नाइलाजानं दोन चमचे घेतले, तोंड वाकडं केलं. "मीठ कमी आहे."

"बघा, तोंडाला चव आली!" एनेलेसी म्हणाली, आणि झाडाखाली हशा पिकला.