त्या एक्सलला तडा नव्हता

आमच्या जीपचे ड्रायव्हर प्रल्हादभाऊ, त्यांची गुन्हेगार मी आहे. तीन वर्षांपूर्वी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी, तेल्हाऱ्याहून अकोल्याला येताना अपघात झाला, तेव्हापासून. हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं — आईला नाही, संघटनेला नाही, आणि माझी पत्रकं वाचून मान डोलावणाऱ्या तुम्हाला तर नाहीच.

आमची जीप तुम्ही पाहिली आहे. खारपाणपट्ट्यातले, खारं पाणी पिऊन किडनी गेलेले पेशंट डायलिसिसला नेणारी. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरची काळी माती चाक धरून बसते, म्हणून आम्ही तिला मोठे, खोल नक्षीचे टायर बसवले होते. ते टायर फिरवायला मागचा जुना एक्सल कमी पडत होता. नवा निवडायचं काम संघटनेच्या बैठकीत मी मागून घेतलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मीच बोलले होते, मीच पुढे झाले.

आणि मला त्यातलं कळत नव्हतं, असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवलेली नाही. मी महिनाभर वाचलं होतं, मिस्त्र्यांना विचारलं होतं. साध्या एक्सलमध्ये चाक आतल्या फिरत्या दांड्याच्याच आधारावर असतं — दांडा तुटला की चाक त्याच्यासकट बाहेर. जड एक्सलमध्ये गाडीचं वजन बाहेरची नळी पेलते; दांडा तुटला तरी चाक जागेवर राहतं, गाडी फक्त थांबते. पेशंटच्या गाडीला कोणता हवा? हे कळायला महिना लागतो का?

जड एक्सल मिळतही होता. भंगारात काढलेल्या एका पिकअपचा, थोडं कापून-जोडून आमच्या जीपला बसणारा. पण तो पडला होता वाळूच्या ठेकेदाराच्या आवारात, आणि त्याच ठेकेदाराविरुद्ध मी तीन पत्रकं काढली होती. तरी गेले. वाकून नीट पाहिला — धडधाकट होता. ठेकेदार खुर्चीतून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "घेऊन जा ना ताई, फुकट घेऊन जा. फक्त पुढच्या पत्रकात माह्या बापाचं नाव तरी बरोबर छापा." त्याची माणसं हसली. मी तशीच परत फिरले.

बैठकीत मी सांगितलं, त्या एक्सलला तडा आहे.

एवढंच. एक वाक्य. प्रल्हादभाऊंनी विचारलं, तडा कुठं आहे, वेल्डिंग होत असेल तर पाहू. मी म्हटलं, वेल्डिंग टिकणार नाही अशा जागी आहे. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला हो माझ्यावर! मग मी दुकानातून साधाच एक्सल आणवला, जरा मजबूत दांड्याचा, आणि तो त्याहून चांगला आहे असं सगळ्यांना पटवलं. पटवणं मला येतंच. मनाशी म्हटलं, तत्त्व आहे — दुश्मनाचं लोखंड नको. कसलं तत्त्व? माझ्यावर चार माणसं हसली होती, त्याची ती भरपाई होती.

तान्ह्या पोळ्याला डायलिसिस थांबत नाही. पेशंट गिरजाबाई मागच्या बाकावर होत्या, मी पुढे. बिनकठड्याच्या पुलावर चिखल साचला होता. खाडकन आवाज आला, मागचं चाक दांड्यासकट बाहेर निघालं आणि जीप नाल्यात आडवी झाली. गिरजाबाईंचा खांदा मोडला. प्रल्हादभाऊंनी त्यांना पाठीवर घेऊन चिखलातून वर आणलं.

दुसऱ्या दिवशी बैठक. एक्सल कुणी निवडला, हा प्रश्न कधीही येईल म्हणून मीच आधी बोलले — गाडी वेगात होती. प्रल्हादभाऊ माझ्याकडे वळले. म्हणाले, "पहिल्या गेरात होती ना ताई गाडी. तुमी तं माह्या बाजूलेच बसून होत्या. सांगा ना या लोकायले."

मी नाही सांगितलं. मी कागद पुढे ओढला आणि संघटनेचं निवेदन लिहायला घेतलं. 'चालकाच्या बेदरकारपणामुळे' — हे शब्द माझे आहेत. ठेकेदारांसाठी, अधिकाऱ्यांसाठी घासून धारदार केलेली भाषा मी अशा माणसावर चालवली, ज्याच्याकडे उलटून छापायला काही नव्हतं. चावी त्यांच्याकडून काढून घेतली. तेल्हाऱ्यात त्यांना पुन्हा कुणी गाडी दिली नाही. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस आज दुसऱ्यांच्या गाड्यांत पोती चढवतो, आणि मला पाहिलं की बाजूला होतो — मीच शरमेनं मरू नये म्हणून असेल. मी मेले नाही. पुढची पत्रकं काढली. खोट्यावर, भ्रष्टाचारावर. तुम्ही ती घरी नेलीत.

मला राग माझाच येतो, पण तुमचाही येतो. एकानेही त्यांना जाऊन का विचारलं नाही? माझ्या लिहिण्याला छान धार होती, म्हणून ते खरं?

मला माफी नको, आणि माझी समजूत काढायलाही कुणी येऊ नका. निवेदन खोटं होतं, हे मी आजच संघटनेला लेखी दिलं आहे. आता तुम्ही तेल्हाऱ्याला जा. प्रल्हादभाऊंच्या हातात तुमच्या गाडीची चावी द्या, आणि मागच्या सीटवर तुमच्या घरचं माणूस बसवा.